दुखणे परतले आहे आणि मुलगी अकरा वर्षांची आहे: आजचा दिवस कसा जगायचा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे उत्तर कशाचे आहे हे वाचणाऱ्याला कळेल. तुमचे वय ४४ आहे. सहा वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झाली. सारे मागे पडले असे वाटत असतानाच यंदा कंबर दुखू लागली, आणि आजार हाडांत परतल्याचे तपासणीत कळले. आता रोजची गोळी चालू आहे आणि दर तीन महिन्यांनी स्कॅन होते. आजार मुळातून जाणार नाही, पण आटोक्यात ठेवता येईल, असे डॉक्टर सांगतात; किती काळ, हे मात्र सांगत नाहीत. घरातले आणि बाहेरचे सगळे ‘वर्तमानात जगा’ म्हणतात. तुम्ही लिहिता की सकाळी शाळेच्या घाईत मुलीच्या दोन वेण्या घालताना ‘हे आणखी किती दिवस’ असा विचार येतो, हात थांबतो, आणि ती मागे न वळता ‘आई, चल ना’ म्हणते. हा विचार घालवायचा कसा, मुलीला किती सांगायचे, आणि तिला स्वतःची वेणी स्वतः घालायला शिकवावी का, की तसे करणे म्हणजे निरोप घेणे ठरेल, असे तुम्ही विचारले आहे.

मी गेली २१ वर्षे पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारांत वेदना आणि त्रास कमी करण्याच्या कामात आहे. या काळात मी पाहिलेली बहुतेक माणसे वयाने तुमच्याहून मोठी आणि आजाराने तुमच्याहून पुढे गेलेली होती, त्यामुळे त्यांचे सगळे अनुभव तुम्हाला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. तुमचा आजार ज्या प्रकारचा दिसतो, त्यात योग्य औषधांवर अनेक स्त्रिया कित्येक वर्षे कामधाम करत जगतात. तरीही तुमचा प्रश्न त्या सगळ्यांचाच प्रश्न होता.

विचार घालवायचा कसा, याला माझे उत्तर असे आहे की तो घालवू नका. ‘वर्तमानात जगा’ हा सल्ला देणाऱ्याच्या मनात बहुधा ‘मरणाचा विचार करू नका’ एवढाच अर्थ असतो, आणि तो पाळायला गेलेला माणूस दिवसभर दारावर पहारा देत बसतो. ज्याने पहारा द्यायचा, त्याला घरात काय चालले आहे हे दिसत नाही. मी अशा अनेक घरांत गेले आहे, जिथे आजाराचे नाव प्रत्येकाला ठाऊक असते आणि कोणीही ते उच्चारत नाही. टीव्ही मोठ्याने लावलेला असतो, पाहुणे हवापाण्यावर बोलतात, आणि पलंगावरचा माणूस छताकडे पाहत असतो. त्या घरांत मरणाचा विचार कमी होता असे मला कधीच आढळले नाही. तो तिथे चोवीस तास होता, फक्त त्याला बसायला जागा दिलेली नव्हती.

तुमच्या हाताला थांबवणारा विचार वेगळ्या जातीचा आहे. तो तुम्हाला वेणीपासून दूर नेत नाही, उलट ती वेणी डोळ्यांपुढे आणतो. सहा वर्षांपूर्वी याच मुलीचे केस विंचरताना तुमचे लक्ष डब्यात आणि घड्याळात असेल. आज तुम्हाला भांग दिसतो, मानेवरची लव दिसते, तेलाचा वास जाणवतो. तेव्हा विचार आला की मनातल्या मनात ‘आला’ एवढेच म्हणा आणि बोटे चालू ठेवा. एक पेड दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर. त्याच्याशी वाद घालू नका आणि त्याच्या मागेही जाऊ नका. डोळे भरून आले तरी चालेल, मूल पाठमोरे आहे. पंधरा-वीस दिवसांत विचार बंद होईल असे मी म्हणत नाही. हात थांबणे कमी होईल असे म्हणते, आणि हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे.

बौद्ध परंपरेत मरणाच्या स्मरणाचा अभ्यास फार जुना आहे. त्यातला एक संवाद मला नेहमी आठवतो. बुद्ध भिक्षूंना विचारतात की तुम्ही मरणाचे स्मरण कसे करता. एक म्हणतो, मी आणखी एक दिवस-रात्र जगेन असे धरून. दुसरा म्हणतो, एक भोजन होईपर्यंत. कोणी चार-पाच घास म्हणतो, कोणी एक घास चावून गिळेपर्यंत, आणि कोणी एक श्वास आत येऊन बाहेर जाईपर्यंत. बुद्ध शेवटच्या दोघांना जागरूक म्हणतात. या संवादात मरणाचे स्मरण माणसाला घासापर्यंत आणून सोडते, आणि घास हे आपल्या हातातले, तोंडातले, अगदी जवळचे माप आहे. असा अभ्यास शिकण्यासाठी लगेच दहा दिवसांच्या मौनाच्या शिबिराला मात्र जाऊ नका. आजार परतल्याचे कळल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मन फार कोवळे असते, आणि इतक्या दीर्घ शांततेत काही जणांची भीती वाढलेली मी पाहिली आहे.

आता शरीराकडे येते. खरे तर मी इथूनच सुरुवात करायला हवी होती, कारण दुखणाऱ्या माणसाला वर्तमानाचा उपदेश करणे मला निर्दयपणाचे वाटते. कंबर ठणकत असते तेव्हा वर्तमान म्हणजे फक्त कंबर असते. लंडनमध्ये १९६७ साली सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस, म्हणजे आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची शुश्रूषा करणारी संस्था, सुरू करणाऱ्या डॉ. सिसिली सॉण्डर्स आधी परिचारिका, मग समाजसेविका आणि त्यानंतर डॉक्टर झाल्या होत्या. बहुधा त्यामुळेच त्यांना दिसले की शरीराचे दुखणे, मनाची भीती, घरातली ओढाताण आणि ‘माझ्याच वाट्याला का’ हा प्रश्न ही एकमेकांत गुंतलेली एकच वेदना असते. माझ्या अनुभवात मात्र सोडवण्याचा क्रम ठरलेला आहे: आधी ठणका कमी करायचा, झोप लागू द्यायची, आणि मग बाकीचे बोलायचे. ज्यांची रात्र दुखण्यात जाते त्यांच्याशी सकाळी जगण्यामरणाच्या गोष्टी करू नयेत.

म्हणून पुढच्या भेटीत तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा की दुखणे शून्य ते दहाच्या मापात किती आहे, कोणत्या हालचालीने वाढते आणि रात्री किती वेळा जाग येते. ‘जरा दुखते’ असे म्हणू नका. आपल्याकडच्या बायका आठ असताना ‘जरा’ म्हणतात. हाडातल्या वेदनेसाठी पुष्कळ रुग्णांना त्या जागेवर एकाच दिवशी दिलेला किरणोपचार पुरतो, हाडे बळकट ठेवणारी इंजेक्शने असतात, आणि गरज पडली तर मॉर्फिन असते. मॉर्फिन म्हणजे शेवट जवळ आला, किंवा त्याची चटक लागते, अशी समजूत आपल्याकडे घट्ट आहे. वेदनेसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि योग्य मात्रेत घेतलेल्या मॉर्फिनने मरण लवकर येत नाही, आणि अशा रुग्णांत व्यसन लागणे विरळा. साधी गोळी दर चार तासांनी घ्यायची असते, दुखायला लागल्यावर नव्हे, आणि तिच्याबरोबर पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून घ्यायचे असते; हे दुसरे विसरले गेले की लोक दोष मॉर्फिनला देतात.

एक गोष्ट मात्र अधोरेखित करून सांगते, कारण तुमचा आजार मणक्यात असू शकतो. पायांतले बळ कमी झाल्यासारखे वाटले, पाय किंवा मांडीचा आतला भाग बधिर झाला, किंवा लघवी-शौचावरचा ताबा सैल झाला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जा. मज्जारज्जूवर दाब येत असेल तर उपचार किती तासांत मिळतो यावर पुढे चालता येणार की नाही हे ठरते.

पॅलिएटिव्ह केअरचा डॉक्टर गाठणे म्हणजे हात टेकणे, असे तुमच्या घरी कोणी म्हणेल. बॉस्टनमधला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. पसरलेला फुप्फुसाचा कर्करोग नुकताच समजलेल्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर दिली गेली. त्या गटात जगण्याचा दर्जा चांगला राहिला, नैराश्य कमी राहिले, शेवटच्या काळातले त्रासदायक उपचार कमी झाले, आणि आयुर्मानाचा मध्यांक, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ, ११.६ महिने निघाला. दुसऱ्या गटात तो ८.९ महिने होता. तो आजार वेगळा होता, तेव्हा हे आकडे तुम्ही स्वतःला लावू नका. मी ते एवढ्यासाठीच सांगते की त्रास कमी करणारा डॉक्टर आणि आजारावर उपचार करणारा डॉक्टर हे दोघे एकाच वेळी असू शकतात, असावेत.

‘किती काळ’ हे डॉक्टर सांगत नाहीत, याचा तुम्हाला राग येतो असे तुम्ही लिहिले आहे, आणि तो समजण्यासारखा आहे. शिकागोत ४६८ हॉस्पिस-रुग्णांबाबत ३४३ डॉक्टरांना विचारून केलेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात फक्त २० टक्के अंदाज बरोबर ठरले, आणि ६३ टक्के अंदाजांत प्रत्यक्षापेक्षा जास्त काळ सांगितलेला होता. ही मंडळी तर अगदी शेवटच्या टप्प्यातली होती. तुमच्यासारख्या लांब पल्ल्याच्या आजारात एक आकडा सांगणे आणखी कठीण असते. तेव्हा आकडा विचारू नका, त्याऐवजी हे विचारा: ‘सगळे चांगले जुळून आले तर काय होईल, फार वाईट झाले तर काय होईल, आणि तुमच्या मते बहुधा काय होईल?’ बहुतेक डॉक्टर या तीन भागांतल्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देतात, कारण त्यात त्यांना खोटी खात्री द्यावी लागत नाही.

तुमचे आयुष्य सध्या तीन-तीन महिन्यांचे झाले आहे, ही गोष्ट मी वाईट मानत नाही. स्कॅनच्या आधीचे आठ-दहा दिवस जवळजवळ सगळ्यांचेच खराब जातात. त्या दिवसांत घराचे मोठे निर्णय घेऊ नका, नातेवाइकांची वर्दळ टाळा, आणि रिपोर्ट कोणत्या दिवशी, कोणाकडून, फोनवर की समोरासमोर कळणार हे आधीच ठरवून घ्या. रिपोर्टचा कागद संध्याकाळी सात वाजता मोबाइलवर येतो, त्यातले इंग्रजी शब्द एकटीने वाचून रात्र काढली जाते, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर सांगतात की तो जुनाच डाग आहे, हे मी इतक्यांदा पाहिले आहे की आता रुग्णांना कागद एकट्याने उघडू नका असे सांगते. स्कॅन चांगले आले की पुढचे अडीच महिने तुमचे आहेत, आणि त्यांचा हिशेब महिन्यांत न करता त्या महिन्यांत काय-काय येते यात करा: मुलीची परीक्षा, कैऱ्या, एखाद्या भाच्याचे लग्न.

यानंतरचा भाग लोकांना सर्वांत अवघड वाटतो, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मराठीत त्याला फार नेमका शब्द आहे: निरवानिरव. जाणाऱ्या माणसाने आपल्या मागचे सारे लावून देणे, ज्याचे त्याच्या हाती सोपवणे. आपण हा शब्द अगदी शेवटच्या दिवसांसाठी राखून ठेवतो. इतक्या वर्षांच्या कामातून माझे ठाम मत असे झाले आहे की निरवानिरव शेवटी करायची गोष्टच नाही, ती शक्य तितकी आधी, अंगात ताकद असताना उरकायची असते, कारण आजचा दिवस मरणाच्या जाणिवेने जितका झाकोळतो त्याहून कितीतरी जास्त तो न केलेल्या, न बोललेल्या गोष्टींनी झाकोळतो.

साठीच्या आतल्या एक बाई माझ्याकडे होत्या, अंडाशयाचा कर्करोग होता. एका दुपारी मी घरी गेले तेव्हा त्यांनी कपाट उघडून सगळ्या साड्या पलंगावर मांडल्या होत्या आणि दोन मुली, सून, धाकटी जाऊ आणि घरकाम करणारी मावशी अशा पाच जणी भोवती बसल्या होत्या. प्रत्येक साडी हातात घेऊन त्या तिची हकिगत सांगत होत्या. ही पहिल्या पगाराची, हिच्या पदरावर तुझ्या बारशाला दूध सांडले तो डाग बघ अजून आहे, ही तुझ्या बाबांनी मला न विचारता आणली म्हणून मी दोन वर्षे नेसले नाही. मग ती साडी एकीच्या मांडीवर ठेवायच्या. सुरुवातीला मुली रडत होत्या, तासाभराने भांडू लागल्या, आणि शेवटी हिरव्या इरकलीवरून इतक्या हसल्या की बाईंना उशी पोटाशी धरावी लागली, कारण हसल्याने पोटात दुखत होते. मी निघाले तेव्हा कपाटात चार सुती साड्या उरल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘आता मी मोकळी झाले. उद्यापासून काय करायचे ते बघते.’ त्यानंतर त्या पाच महिने होत्या. त्यांनी गॅलरीत मोगऱ्याची दोन रोपे लावली, नातवाला पत्ते शिकवले आणि दुपारी भरपूर झोपल्या. त्या महिन्यांत त्यांच्या तोंडून ‘माझ्यामागे अमुक बघा’ असे वाक्य मी ऐकले नाही, कारण ते सगळे सांगून झाले होते.

तुमच्या निरवानिरवीत कागद आधी येतात. मृत्युपत्र साध्या कागदावर करता येते, त्याला मुद्रांक लागत नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही. तुमची सही आणि ती पाहणारे, स्वतःही सही करणारे दोन साक्षीदार लागतात, आणि ज्यांना मिळकत मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नये. बँकेत नॉमिनी लावला म्हणजे वारस ठरला असे बहुतेक जण समजतात, तसे नाही. नॉमिनी पैसे हाती घेतो, ते कोणाचे हे मृत्युपत्र आणि वारसा कायदा ठरवतात. दुसरा कागद उपचारांविषयीच्या आगाऊ इच्छापत्राचा. सन्मानाने मरण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात मान्य केला, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची अवघड प्रक्रिया सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करता येते. आपण स्वतः बोलण्याच्या स्थितीत नसू आणि बरे होण्याची आशाही नसेल तेव्हा व्हेंटिलेटरसारखे उपचार हवेत की नकोत, आणि आपल्या वतीने कोणी बोलायचे, हे त्यात लिहायचे. हे आज लिहिले म्हणून आज काही बंद होत नाही, आणि मत बदलले तर तेही बदलता येते. दोन्ही कागद एका फाइलमध्ये ठेवा, ती कुठे आहे हे पतीला आणि आणखी एका व्यक्तीला सांगा, आणि मग फाइल बंद करा.

बोलणे कागदांहून कठीण असते. तुमच्या सासूबाई ‘असे अभद्र बोलू नको’ म्हणतात आणि पती ‘सकारात्मक राहा’ म्हणतात. दोघेही तुमच्यावरच्या मायेने बोलतात आणि दोघेही घाबरलेले आहेत. त्यांना पटवत बसू नका. पतीला एखाद्या संध्याकाळी एवढेच सांगा की ‘मी हार मानलेली नाही, गोळी रोज घेते आहे, पण मला अर्धा तास हे बोलायचे आहे आणि तुम्ही फक्त ऐकायचे आहे.’ अर्धा तास झाला की विषय खरोखर बंद करा. बोलणे कधीतरी संपते असे एकदा दिसले की समोरच्याची भीती कमी होते.

याबाबत माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका निवृत्त शिक्षकांना आजाराचे नाव कळू द्यायचे नाही, असे त्यांच्या मुलांनी हात जोडून सांगितले आणि मी मान्य केले. चार महिने मी त्यांच्याशी ‘अशक्तपणा आहे, हळूहळू होईल’ असे बोलत राहिले. शेवटच्या आठवड्यात, खोलीत आम्ही दोघेच असताना, ते म्हणाले, ‘डॉक्टर, मला पहिल्या महिन्यातच कळले होते. पण तुम्ही सगळे इतकी मेहनत घेत होता की मला मध्ये बोलवेना.’ त्यांना धाकट्या भावाशी वीस वर्षांचा अबोला सोडायचा होता. तेवढा वेळ आता नव्हता. त्यानंतर रुग्ण मला विचारतो तेव्हा मी खरे सांगते, त्याला पेलेल तेवढे आणि पेलेल तसे, आणि कुटुंबाला आधीच तसे सांगून ठेवते.

मुलीच्या बाबतीतही मला हेच म्हणायचे आहे. अकरा वर्षांच्या मुलीला मृत्यू म्हणजे काय हे कळते, आणि घरात काहीतरी बिनसले आहे हे तर तिला तुमच्या थांबलेल्या हातावरूनच कळले असणार. जी गोष्ट सांगितली जात नाही, ती मुले स्वतःच्या मनाने पुरी करतात, आणि मनाने पुरी केलेल्या गोष्टीत दोष बहुधा त्यांचा स्वतःचा असतो: मी त्रास दिला म्हणून आई आजारी पडली. तिला आजाराचे खरे नाव सांगा. ‘बाऊ’ किंवा ‘कंबरदुखी’ म्हणू नका. हा तिच्या कोणत्याही वागण्यामुळे झालेला नाही आणि तो स्पर्शाने लागत नाही, हे सांगा, कारण मिठी मारावी की नाही हा प्रश्न मुलांना पडतो आणि ती तो विचारत नाहीत. आणि तिचे कोण बघेल हे सांगा: शाळेत कोण सोडेल, डबा कोण करेल, तुम्हाला रुग्णालयात राहावे लागले तर ती कुठे झोपेल. मोठ्यांना हा तपशील क्षुल्लक वाटतो. मुलांची भीती नेमकी तिथेच असते.

ती एक दिवस विचारेल, ‘तू मरणार का?’ त्या वेळी ‘छे, मी कुठे जाते’ असे म्हणू नका. ‘आत्ता नाही. औषध चालू आहे आणि ते काम करते आहे. ते काम करेनासे झाले तर मी तुला स्वतः सांगेन, दुसऱ्या कोणाकडून तुला कळणार नाही,’ असे उत्तर आज खरे आहे, आणि उद्याही तुम्हाला ते फिरवावे लागणार नाही. एका बैठकीत सगळे सांगू नका. भांडी लावताना, गाडीवरून जाताना, तोंडे एका दिशेला असताना मुले जास्त बोलतात. वर्गशिक्षिकेच्या कानावरही घालून ठेवा.

आता दिवसांचे. मरणाची जाणीव झाली की काय करायचे राहून गेले याच्या याद्या लिहिण्याची एक पद्धत निघाली आहे: ही ठिकाणे पाहायची, ते साहस करायचे. ज्यांना आवडते त्यांनी जरूर करावे. पण मी ज्यांच्या उशाशी बसले, त्यांनी शेवटी मागितले ते फार जवळचे होते. स्वतःची उशी, आल्याचा चहा, पिठले-भाकरीचा एक घास, गोठ्यातली गाय एकदा दारात आणून उभी करणे. स्टॅनफर्डच्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेनसेन यांनी अनेक वर्षांच्या अभ्यासातून मांडले आहे की आपल्यापुढचा काळ मर्यादित आहे असे जाणवले की माणसे नव्या ओळखी आणि दूरची उद्दिष्टे मागे ठेवून मोजक्या, जिव्हाळ्याच्या माणसांकडे वळतात, आणि हे वयामुळे नव्हे, तर उरलेल्या काळाच्या जाणिवेमुळे होते. तुम्हाला अलीकडे कार्यालयातल्या गप्पा नकोशा वाटतात आणि बहिणीचा फोन हवासा वाटतो असे तुम्ही लिहिले आहे. ते नैराश्यच असेल असे नाही.

एसटीतून निवृत्त झालेले एक चालक माझे रुग्ण होते, वाईजवळच्या गावातले. त्यांना धाप लागायची. पायऱ्या उतरता येत नव्हत्या, म्हणून मुलाने त्यांची खाट आतल्या शांत खोलीत हलवली होती, आणि ते दिवसेंदिवस गप्प होत चालले होते. काय हवे म्हणून विचारले तर म्हणाले, ओट्यावर बसायचे आहे, सकाळी. मग आम्ही औषधाची वेळ मागे ओढली, म्हणजे सहाची गोळी साडेपाचला, आणि चेहऱ्यावर वारा यावा म्हणून हातात एक छोटा पंखा दिला. धापेच्या रुग्णाला गालांवर येणाऱ्या वाऱ्याने खरोखर बरे वाटते. साडेसहाला त्यांना ओट्यावर खुर्चीत बसवले जायचे. पहिली गाडी चढावर यायची, तेव्हा ते डोळे मिटून गिअरचा आवाज ऐकायचे आणि म्हणायचे, ‘आज नवीन पोरगा दिसतोय, तिसऱ्यावर ओढतोय.’ किंवा म्हणायचे, ‘हा जुना माणूस.’ पुढे चालकांनाही कळले आणि ते तिथे हॉर्न द्यायला लागले. हे सुमारे सहा आठवडे चालले.

तुम्हीही आठ दिवस एका वहीत लिहून पाहा की दिवसातले कोणते तास बरे जातात. गोळीनंतर किती वेळाने अंग हलके होते, दुपारी कधी गळून जायला होते, संध्याकाळी डोके कधी जड होते. बहुतेकांना दोन-तीन तास चांगले मिळतात, आणि बहुतेक जण ते बँकेत, रांगेत किंवा पाहुण्यांसमोर खर्च करतात. ते तास मुलीसाठी आणि तुमच्या स्वतःच्या आवडीसाठी राखा. गोळीची वेळ त्यानुसार बदलता येते का, हे डॉक्टरांना विचारा. भेटायला येणाऱ्यांना वेळ सांगून बोलवा आणि थकलात की आत जा. आजारी माणसाने हे केले तर कोणी वाईट मानत नाही, आणि मानले तरी चालते.

यानंतरही सलग दोन आठवडे झोप लागली नाही, कशातच मन लागेना, मुलीकडे पाहूनही काही वाटेना, किंवा जगण्याचाच कंटाळा आल्याचे विचार येऊ लागले, तर ते ‘असे होणारच’ म्हणून सोडून देऊ नका. त्याला औषध आहे, समुपदेशन आहे, आणि कर्करोगाच्या रुग्णांनाही त्याचा उपयोग होतो. टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलते.

शेवटचा प्रश्न वेणीचा. तिला वेणी घालायला नक्की शिकवा. अकरा वर्षांच्या मुलींना ती तशीही शिकायचीच असते, आणि तुम्ही निरोगी असता तर याच वर्षी शिकवली असती. हाताला वळण लागेपर्यंत तिची वेणी एका बाजूला वाकडी होईल, मागचा भांग सरळ येणार नाही. लगेच सोडून पुन्हा घालू नका, तशीच शाळेत जाऊ द्या. पहिल्यांदा तिला तुमच्या केसांवर शिकू द्या, केमोनंतर आलेले असले आणि आखूड असले तरी, कारण दुसऱ्याच्या डोक्यावर तीन पेड दिसतात आणि स्वतःच्या डोक्यावर ते बोटांनी चाचपावे लागतात. शाळेच्या दिवसांत तिची तिने घालावी. शनिवारी रात्री तेल लावायचे आणि रविवारी न्हाऊन केस वाळवायचे काम तुमच्याकडे ठेवा. रविवारची वेणी तुम्हीच घाला, त्या दिवशी घाई नसते.